‘एल्फिन’ चेहरा, ‘एल्फिन’ जंगल: एका इंग्रजी विशेषणाची पार्श्वभूमी

इंग्रजी मासिकांत एखाद्या अभिनेत्रीच्या आखूड कापलेल्या केसांचं आणि मोठ्या डोळ्यांचं वर्णन ‘एल्फिन’ या एका शब्दात उरकलेलं असतं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ढगांत बुडालेल्या डोंगरमाथ्यावरच्या खुरट्या झाडीला ‘एल्फिन’ जंगल म्हणतात. जुन्या वैद्यकीय ग्रंथांत एका जनुकीय विकाराच्या मुलांच्या चेहऱ्यालाही हेच विशेषण लावलेलं आहे. शब्दकोश उघडला तर अर्थ सोपा वाटतो: एल्फसारखा, म्हणजे लहानखुरा, नाजूक, जरा खट्याळ, जरा गूढ. मराठीत आपण अशा ठिकाणी ‘परीसारखी’ किंवा ‘नाजूक चणीची’ लिहून पुढे जातो.

पण युरोपच्या लोककथांतल्या ज्या एल्फ नावाच्या अमानवी जीवावरून हे विशेषण निघालं तो मुळात लहानही नव्हता आणि नाजूकही नव्हता. तो माणसाच्या उंचीचा, डोळे दिपवणारा देखणा आणि अंगावर आला तर आजारी पाडणारा होता. गेल्या हजार-बाराशे वर्षांत त्याचा दरारा ओसरला, उंची घटली आणि शेवटी तो सांताक्लॉजच्या खेळण्यांच्या कारखान्यातला टोपीवाला बुटका झाला. एक गोष्ट मात्र विशेषणातून गेली नाही. ज्याला ते लावलं जातं तो ‘आपल्यातला नाही’, ही भावना आजही त्यात शिल्लक आहे. जंगलाला किंवा केशरचनेला लावताना तिने काही बिघडत नाही. जिवंत माणसाला लावताना बिघडतं, आणि म्हणून या शब्दाचा इतिहास नीट माहीत असायला हवा.

मुळाशी

प्राचीन इंग्रजीत ‘अ‍ॅल्फ’, स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत ‘आल्फ्र’, जुन्या जर्मनमध्ये ‘आल्प’. तिन्ही शब्द एकाच जर्मानिक मुळाचे. त्या मुळाचा संबंध बहुतेक अभ्यासक ‘पांढरा’ या अर्थाच्या लॅटिन ‘आल्बुस’शी लावतात, म्हणजे एल्फ हा मुळात ‘उजळ’, ‘तेजस्वी’ असावा.

एकोणिसाव्या शतकात आडालबर्ट कुन या जर्मन पंडिताने मात्र या शब्दाची नाळ थेट ऋग्वेदातल्या ऋभूंशी जोडली. ऋभू म्हणजे सुधन्व्याचे तीन पुत्र: ऋभू, विभ्वा आणि वाज. हे जन्माने देव नव्हते. देवांचा कारागीर त्वष्टा याने घडवलेल्या एका चमसाचे, म्हणजे सोमपात्राचे, त्यांनी चार केले, अश्विनांसाठी रथ घडवला, म्हाताऱ्या आईबापांना पुन्हा तरुण केलं आणि या कारागिरीच्या बळावर अमरत्व मिळवलं. आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मान्य करत नाहीत. तरीही कुनला ती का सुचली हे समजण्यासारखं आहे. नॉर्स काव्यात वोलुंड नावाचा एक अद्भुत लोहार आहे. तलवारी आणि दागिने घडवणारा हा कारागीर तिथे ‘एल्फांचा अधिपती’ म्हणवला जातो. माणूस आणि देव यांच्या मधली, हुन्नर अंगी असलेली, पूज्य पण पूर्ण भरवशाची नसलेली अशी एक जमात दोन्हीकडे कल्पिली गेली होती.

तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसन या लेखकाने एल्फांचे दोन वर्ग सांगितले: सूर्याहूनही सुंदर दिसणारे उजळ एल्फ आणि डांबराहून काळे असे अंधारे एल्फ. स्नोरी ख्रिस्ती होता आणि देवदूत-सैतान ही जोडी त्याच्या डोक्यात पक्की होती, त्यामुळे ही विभागणी किती जुनी यावर वाद आहेत. पण ‘सूर्याहून सुंदर’ हे वर्णन लक्षात ठेवण्याजोगं आहे. यात कुठेही बुटकेपणा नाही.

राजांच्या नावात एल्फ

अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमध्ये माणसं आपल्या मुलांना एल्फांची नावं ठेवत होती. अ‍ॅल्फ्रिक म्हणजे एल्फासारखा सामर्थ्यवान, अ‍ॅल्फविने म्हणजे एल्फांचा मित्र, अ‍ॅल्फगिफू म्हणजे एल्फांची देणगी. यातलं सर्वांत गाजलेलं नाव आल्फ्रेड: ज्याला एल्फांचा सल्ला लाभतो तो. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड (८४९–८९९) हा कडवा ख्रिस्ती, लॅटिन धर्मग्रंथांची भाषांतरं करणारा राजा होता, आणि त्याच्या नावात एल्फ निवांत बसलेला होता.

अलॅरिक हॉल या अभ्यासकाने या नावांवरून एक महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. अँग्लो-सॅक्सन नावांत ‘ओस’ म्हणजे देव येतो आणि ‘अ‍ॅल्फ’ येतो. राक्षस, बुटके किंवा इतर विचित्र प्राणी येत नाहीत. म्हणजे त्या समाजाच्या मनातल्या मांडणीत एल्फ देवांच्या पंगतीला होता. आपण मुलाचं नाव इंद्रजित ठेवू, वेताळजित ठेवणार नाही, तसंच काहीसं.

हे नाव मुंबईपर्यंत पोचलं आहे. १८७० मध्ये व्हिक्टोरिया राणीचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड मुंबईला आला आणि त्याच्या हस्ते खलाशांच्या वसतिगृहाची पायाभरणी झाली. फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेली ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ ही ती इमारत. पुढे तिथे विधिमंडळ भरू लागलं आणि नरिमन पॉइंटला विधान भवन उभं राहिल्यावर ती राज्याच्या पोलीस मुख्यालयाकडे आली. रीगल सिनेमाच्या चौकातून जाणाऱ्याला ती रोज दिसते. ग्रँट रोडच्या आल्फ्रेड थिएटरच्या नावातही तोच शब्द आहे. एल्फांशी यातल्या कुणाचाच संबंध नव्हता, पण ‘एल्फांचा सल्ला’ मुंबईच्या दगडांवर कोरला गेला तो असा.

देखणं आणि दुखणं

‘एल्फसारखा’ या अर्थाचं सर्वांत जुनं इंग्रजी विशेषण ‘एल्फिन’ नाही. ते आहे ‘अ‍ॅल्फशीने’: एल्फासारखी झळझळीत सुंदर. अँग्लो-सॅक्सन काव्यात हे विशेषण बायबलमधल्या दोन स्त्रियांना लावलेलं सापडतं. एक अब्राहमची बायको सारा, दुसरी शत्रूच्या सेनापतीचं मुंडकं उडवणारी ज्युडिथ. दोघींच्याही कथेत त्यांच्या रूपाने पुरुष घायाळ होतात आणि संकटात सापडतात. सारेच्या रूपामुळे इजिप्तच्या राजावर संकट ओढवलं, ज्युडिथच्या रूपामुळे होलोफर्नीसचा जीव गेला. एल्फासारखं सौंदर्य म्हणजे बघणाऱ्याला बाधणारं सौंदर्य, हा अर्थ पहिल्यापासून होता.

बाधण्याचा प्रकार शब्दशः होता. दहाव्या शतकातल्या इंग्रजी वैद्यकग्रंथांत ‘अ‍ॅल्फआदल’ म्हणजे एल्फांमुळे होणारा आजार, ‘वॅटरअ‍ॅल्फआदल’ म्हणजे पाण्यातल्या एल्फांमुळे होणारा आजार, अशी नोंद आहे. उपाय म्हणून औषधी वनस्पती कापडात बांधायच्या, पवित्र पाण्यात बुडवायच्या, त्यावर मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, म्हणवून घ्यायच्या आणि धुरी द्यायची. आपल्याकडे विहिरीच्या काठी साती आसरांना खणानारळाने शांत करणाऱ्या बाईला हे सगळं ऐकून नवल वाटलं नसतं.

अचानक उठणाऱ्या कळेवरचा एक मंत्र तर फारच जिवंत आहे. फीव्हरफ्यू, लाल खाजकुइलीसारखी एक वनस्पती आणि प्लँटेन लोण्यात उकळायचे आणि मंत्र म्हणायचा. मंत्रात टेकडीवरून गर्जना करत घोडदौड करणाऱ्या बलाढ्य बाया येतात, भाले फेकतात. मग वैद्य आजाऱ्याला म्हणतो की हा देवांचा बाण असो, एल्फांचा असो की चेटकिणींचा असो, मी तुला बरं करतो. आणि आत शिरलेल्या छोट्या भाल्याला बाहेर पडायला बजावतो. पाठीत किंवा बरगडीत अचानक चमक आली की तो कुणीतरी मारलेला बाण आहे, ही कल्पना किती स्वाभाविक आहे ते ज्याला अशी चमक आली आहे त्यालाच कळेल.

स्कॉटलंडमध्ये ही समजूत फार टिकली. शेतात नांगराला लागणारी अश्मयुगीन गारगोटीची बाणाग्रं म्हणजे एल्फांचे बाण, असं लोक धरून चालत. काहींनी ती चांदीत मढवून ताईत म्हणून गळ्यात घातली. १६६२ मध्ये ऑल्डर्नची इसोबेल गाउडी हिने चेटकाच्या आरोपाखाली दिलेल्या जबानीत सांगितलं की हे बाण सैतान घडवतो आणि एल्फांची पोरं त्यांना धार लावतात.

दुसऱ्या बाजूने चर्चचा दबाव वाढत होता. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात एल्फ हे भावाचा खून करणाऱ्या केनचे वंशज म्हणून राक्षसांच्या रांगेत उभे केले आहेत. राजपुत्रांच्या नावात मिरवणारा एल्फ आणि केनच्या पापी वंशातला एल्फ, दोन्ही एकाच काळात, एकाच भाषेत नांदत होते.

‘एल्व्हिश’: हिरवा सरदार आणि बुजरा कवी

मध्ययुगीन इंग्रजीत ‘एल्व्हिश’ हे रूप रुळलं. चौदाव्या शतकातल्या गवेन आणि हिरव्या सरदाराच्या काव्यात, स्वतःचं तोडलेलं मुंडकं हातात घेऊन बोलणाऱ्या त्या धिप्पाड हिरव्या पुरुषाला ‘एल्व्हिश माणूस’ म्हटलं आहे. अर्धा राक्षस वाटावा असा तो देह आहे. आजचा ‘एल्फिन’ चेहरा डोळ्यांसमोर आणून हे वर्णन वाचावं, म्हणजे शब्द केवढा बदलला ते कळतं.

त्याच शतकात चॉसर या इंग्रज कवीने हा शब्द स्वतःवरच वापरला. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’ या काव्यातल्या यात्रेकरूंमध्ये तो स्वतः एक पात्र आहे. सरायमालक त्याला म्हणतो की हा माणूस चेहऱ्यावरून एल्व्हिश दिसतो, कुणाशी बोलत नाही, नजर जमिनीवर. इथे अर्थ होतो ‘या जगात नसलेला’, आपल्याच तंद्रीतला. अन्यत्र चॉसर किमयागारांच्या विद्येला ‘एल्व्हिश’ म्हणतो, म्हणजे गूढ, सामान्य माणसाला न समजणारी. आणि त्याच यात्रेतल्या बाथच्या बाईच्या तोंडून तो सांगतो की आर्थर राजाच्या काळी हा देश पऱ्यांनी भरलेला होता, एल्फांची राणी कुरणात नाचत असे. आता जिथे एल्फ हिंडायचे तिथे भिक्षेकरी साधू हिंडतात. एल्फ ‘पूर्वी होते’ असं सांगण्याची प्रथा इंग्रजी साहित्यात इतकी जुनी आहे.

‘एल्फिन’ जन्मला, आणि भारताचा राजा झाला

खुद्द ‘एल्फिन’ हा शब्द एडमंड स्पेन्सरने १५९० मध्ये छापून आलेल्या ‘फेअरी क्वीन’ या प्रदीर्घ काव्यात चालू केला. तो बहुधा मध्ययुगीन ‘एल्व्हेन’ या षष्ठी अनेकवचनावरून, म्हणजे ‘एल्फांचा’ या रूपावरून घडला असावा. आर्थरकथांमधल्या ‘एल्फिन’ या वेल्श नावाचाही परिणाम झाला असावा असं मानतात. स्पेन्सरचे एल्फिन सरदार घोड्यावर बसणारे, चिलखत घालणारे, पूर्ण वाढीचे वीर आहेत.

या काव्याच्या दुसऱ्या भागात एल्फ राजांची वंशावळ येते. त्यातला पहिला राजा ‘एल्फिन’ आणि त्याच्याबद्दल स्पेन्सर सांगतो की सगळा भारत त्याची आज्ञा पाळत होता आणि आज ज्याला लोक अमेरिका म्हणतात तो प्रदेशही. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १६०० मधली. तिच्या दहा वर्षं आधी, एलिझाबेथ राणीच्या स्तुतीसाठी लिहिलेल्या काव्यात, एका कल्पित राजवंशाच्या नावावर कवीने भारत आणि अमेरिका दोन्ही लिहून टाकले होते. मला तरी हा योगायोग वाटत नाही. साम्राज्य हातात यायच्या आधी ते मनात असं तयार होत होतं.

याच काव्यात शब्दाची दुसरी बाजूही आहे. लाल क्रॉसचा सरदार स्वतःला एल्फ समजत असतो. त्याला एक वृद्ध तपस्वी सांगतो की तू सॅक्सन राजांच्या वंशातला आहेस. पाळण्यात झोपलेला असताना एका परीने तुला पळवलं आणि तुझ्या जागी तिचं ‘हीन एल्फिन’ पोर ठेवलं. म्हणजे ज्या काव्यात एल्फिन हे गौरवाचं विशेषण झालं, त्याच काव्यात ते पाळण्यातल्या नकोशा मुलाचंही विशेषण आहे.

उंची घटली

एल्फांना खुजं करण्याचं बरंच श्रेय शेक्सपियरच्या काळाला जातं. त्याच्या नाटकातल्या पऱ्या ओकच्या फळाच्या टोपणात लपतात आणि वटवाघळांच्या पंखांचे कोट शिवतात. मायकल ड्रेटन या कवीने १६२७ मध्ये ही नाजूक कलाकुसर आणखी पुढे नेली. तरी शेक्सपियरकडे जुना अर्थ पुरता मेला नव्हता. तिसऱ्या रिचर्डला शिव्या घालताना राणी मार्गारेट त्याला ‘एल्फांची खूण असलेला’ म्हणते, कारण त्याच्या शरीरात व्यंग आहे. आणि केसांत पडलेल्या सुटता न सुटणाऱ्या जटा म्हणजे रात्री एल्फांनी घातलेल्या गाठी, ‘एल्फलॉक्स’, हा शब्दही त्याच्या नाटकांतून पक्का झाला.

व्यंग म्हणजे एल्फांची खूण, या समजुतीतून इंग्रजीत आणखी एक शब्द आला: ‘ओफ’. आज त्याचा अर्थ धांदरट, अवजड, मठ्ठ माणूस. तो नॉर्स ‘आल्फ्र’वरूनच आला आहे. आधी अर्थ होता एल्फाचं पोर, म्हणजे पाळण्यात बदललेलं मूल. मग मंद वाढीचं मूल. मग मूर्ख. म्हणजे एकाच मुळातून ‘एल्फिन’ म्हणजे चपळ-नाजूक आणि ‘ओफ’ म्हणजे धांदरट-जड, असे उलट टोकाचे दोन शब्द निघाले. दोन्हींत समान काय? हे माणूस आपल्यासारखं नाही, एवढंच.

मूल बदललं गेलं या समजुतीने खरी माणसं मेली आहेत. वाढ खुंटलेल्या, सतत रडणाऱ्या, न बोलणाऱ्या बाळांना ‘ते आपलं नाही’ म्हणून उपाशी ठेवणं, थंडीत बाहेर ठेवणं, तापल्या फावड्यावर धरणं अशा प्रकारांच्या कहाण्या ब्रिटन-आयर्लंडच्या लोककथांत भरपूर आहेत. मोठ्यांवरही ही वेळ आली. मार्च १८९५ मध्ये आयर्लंडच्या टिपररी भागात ब्रिजेट क्लिअरी ही तरुण बाई आजारी पडली. नवऱ्याची खात्री झाली की ही आपली बायको नव्हे, पऱ्यांनी तिच्या जागी ठेवलेलं दुसरंच काहीतरी आहे. नातेवाईकांदेखत तिला जडीबुटी पाजली, ‘तू ब्रिजेट आहेस का’ असं पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी नवऱ्याने तिला जाळलं. त्याला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. तोवर लंडनच्या छापील कवितांत पऱ्या फुलांवर बागडायला लागून कितीतरी दशकं उलटली होती.

जर्मन वळसा

जर्मन भाषेत याच शब्दाची गंमत वेगळी झाली. तिथला मूळ ‘आल्प’ रात्री छातीवर बसून श्वास कोंडणारं भूत झाला. दुःस्वप्नाला जर्मनमध्ये आजही ‘आल्पट्राउम’ म्हणतात. सुंदर, हलक्याफुलक्या एल्फसाठी जर्मनांकडे शब्दच उरला नाही, तेव्हा अठराव्या शतकात शेक्सपियरच्या भाषांतरांबरोबर इंग्रजीतूनच ‘एल्फं’ हा शब्द आयात झाला. शब्दांची शुद्ध मुळं शोधणाऱ्या याकोब ग्रिमला हे फार खटकलं होतं. आणि हर्डर या जर्मन लेखकाने डॅनिश ‘एल्फराजा’चं भाषांतर करताना ‘एलर’ म्हणजे अल्डरचं झाड असं समजून ‘एर्लकोनिग’ म्हणजे ‘अल्डर झाडांचा राजा’ केला. १७८२ मध्ये गटे या जर्मन कवीने त्याच नावाने कविता लिहिली, संगीतकार शूबर्टने तिला चाल लावली आणि चुकून जन्मलेला राजा अमर झाला. त्या कवितेतला राजा पुन्हा जुन्या एल्फासारखा आहे: गोड बोलणारा आणि बापाच्या कुशीतून पोराचा जीव नेणारा.

नायिकेचं विशेषण

एकोणिसाव्या शतकात ‘एल्फिन’, ‘एल्फिश’ हे शब्द मुख्यतः स्त्रिया आणि मुलांसाठी वापरले जाऊ लागले. कीट्सच्या कवितेतली निर्दय सुंदरी सरदाराला आपल्या ‘एल्फिन’ गुहेत नेते आणि तो तिथून फिकट, खंगलेला परततो. हे अजून जुनंच सौंदर्य, बाधणारं.

शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) मात्र काहीतरी वेगळं घडतं. रॉचेस्टर हा जमीनदार पहिल्या भेटीनंतर आपल्या घरी शिक्षिका म्हणून आलेल्या जेनला म्हणतो की तू रस्त्यात दिसलीस तेव्हा मला परीकथा आठवल्या, माझ्या घोड्यावर तूच चेटूक केलंस का असं विचारणार होतो. घोड्याला एल्फांनी पछाडणं ही त्या जुन्या वैद्यकग्रंथांतली नेहमीची तक्रार. जेन शांतपणे उत्तर देते की हिरव्या कपड्यांतले ते लोक शंभर वर्षांपूर्वीच इंग्लंड सोडून गेले. पुढे तो तिला पुन्हा पुन्हा एल्फ, चेटकीण, बदललेलं मूल म्हणत राहतो. प्रेमाने म्हणतो, हे खरं. पण ही बिनआधाराची, कमावती, सडेतोड बोलणारी बाई नेमकी कोण, हे त्याला कळत नाही आणि न कळण्याला तो हे नाव देतो. जेन ते नाव घ्यायला नकार देते. मी माणूस आहे, माझी स्वतंत्र इच्छा आहे, हेच ती सांगत राहते. या शब्दाच्या इतिहासात ज्याला तो चिकटवला त्याने उलटून बोलल्याचे प्रसंग थोडे आहेत. हा त्यातला सर्वांत ठसठशीत.

विसाव्या शतकात शब्द सिनेमाच्या पानांवर आला. ऑड्री हेपबर्नने १९५३ च्या ‘रोमन हॉलिडे’मध्ये केस कापले आणि पत्रकारांना एल्फिनशिवाय शब्द सुचेना. १९६६ मध्ये ट्विगी ही मॉडेल आली, तिलाही तोच. सडपातळ, मोठ्या डोळ्यांची, मुलासारखे आखूड केस असलेली बाई म्हणजे एल्फिन, हा अर्थ इथे कायम झाला. त्यात धोका उरला नव्हता, गूढही नावापुरतंच.

डोंगरमाथ्यावरची झाडी

शास्त्रज्ञांनी हा शब्द उचलला तेव्हा त्याचा चांगला उपयोग झाला असं मला वाटतं. उष्ण कटिबंधातल्या बेटांवर आणि डोंगरांवर शिखराजवळ एक विशिष्ट जंगल असतं. सतत ढग, सतत वारा, पाण्याने चिंब माती, कमी ऊन. तिथली झाडं म्हातारी असूनही पुरुषभर किंवा थोडी अधिक उंच, खोड पिळवटलेलं, अंगभर शेवाळ आणि नेचे. त्याला ‘एल्फिन वुडलँड’ म्हणतात. कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावरच्या एल युन्के जंगलाचे माथे हे याचं प्रसिद्ध उदाहरण. १९६८ मध्ये तिथे एक काळापांढरा वटवट्या दिसला आणि १९७२ मध्ये ‘एल्फिन वुड्स वॉर्बलर’ या नावाने तो शास्त्रात नोंदला गेला. इतक्या छोट्या बेटावर एक पक्षी इतका काळ नजरेतून सुटला होता, यावरून त्या झाडीचा दाटपणा समजावा.

सह्याद्रीत महाबळेश्वरच्या पठारावर अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचं खुजं सदाहरित रान आहे. वारा, मुसळधार पाऊस आणि जांभ्यावरचा मातीचा पातळ थर यांनी झाडांना वर जाऊ दिलेलं नाही. धुक्याच्या सकाळी त्यातून चाललेल्या कुणालाही हे विशेषण झाडांना का द्यावंसं वाटलं ते उलगडून सांगावं लागणार नाही.

वादळी ढगांच्या वर, सुमारे १०० किलोमीटर उंचीवर, विजेच्या धक्क्याने प्रकाशाचं शेकडो किलोमीटर रुंद कडं एक हजारांश सेकंदभर उमटतं. त्यालाही शास्त्रज्ञांनी इंग्रजी आद्याक्षरं जुळवून ‘एल्व्ह्ज’ असं नाव दिलं आहे. मूळ शब्दाचा अर्थ ‘उजळ’ असेल, तर हे नाव फारच योग्य पडलं.

टॉल्किनची तक्रार

जे. आर. आर. टॉल्किन हा कथाकार नंतरचा. आधी तो जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. पहिल्या महायुद्धानंतर त्याने ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या कामावर नोकरी केली आणि १९२५ मध्ये ई. व्ही. गॉर्डनबरोबर गवेनच्या काव्याची आवृत्ती काढली. हिरव्या सरदाराला ‘एल्व्हिश’ म्हणणारी ओळ त्याच्या रोजच्या कामातली होती. त्यामुळे आपल्या कथांत त्याला सारेला, ज्युडिथला शोभणारे उंच, देखणे, जुने एल्फ हवे होते. शेक्सपियर आणि ड्रेटन यांनी केलेल्या नाजूक बुटक्यांवर त्याचा राग होता, आणि ड्रेटनच्या त्या काव्यावर त्याने जाहीर व्याख्यानात सडकून टीका केली.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग १९५४ मध्ये आला. छपाईच्या वेळी छापखान्याने शब्दकोशाप्रमाणे ‘दुरुस्त्या’ केल्या: ‘एल्व्हिश’चं ‘एल्फिश’ आणि ‘एल्व्हन’चं ‘एल्फिन’. टॉल्किनने पत्रात यातली शेवटची दुरुस्ती सर्वांत वाईट म्हटली आणि आपली रूपं परत बसवून घेतली. एक-दोन अक्षरांचा फरक, पण त्याच्या दृष्टीने ‘एल्फिन’ म्हणजे फुलावर बसणारं काहीतरी आणि ‘एल्व्हन’ म्हणजे हजारो वर्षांची स्मृती असलेली जमात. आज व्हिडिओ गेममध्ये आणि कल्पनारम्य कादंबऱ्यांत ‘एल्व्हन’ हेच रूप चालतं, आणि ‘एल्व्हिश’ म्हटलं की पुष्कळांना आधी त्याने रचलेल्या भाषाच आठवतात.

वैद्यकीय अहवालात

१९६१ मध्ये ऑकलंडच्या ग्रीन लेन रुग्णालयातल्या जे. सी. पी. विल्यम्स या हृदयरोगाच्या डॉक्टरने काही रुग्णांचं वर्णन केलं. महारोहिणी, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य धमनी, हृदयाच्या झडपेच्या लगेच वर अरुंद झालेली, बौद्धिक वाढ मागे आणि चेहरे एकमेकांशी मिळतेजुळते. पुढच्याच वर्षी जर्मनीत आलोइस बॉयरेनने असेच रुग्ण नोंदवले. सातव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा, सुमारे २६ ते २८ जनुकांचा, गळाल्यामुळे हा विकार होतो; त्याला विल्यम्स सिंड्रोम म्हणतात. त्यात रक्तवाहिन्यांना लवचिकपणा देणारं इलास्टिनचं जनुक असतं, म्हणून हृदयाचा त्रास. ही मुलं अनोळखी माणसाशीही पटकन जवळीक करतात, बोलकी असतात आणि त्यांतल्या अनेकांना संगीताची विलक्षण ओढ असते.

त्यांच्या चेहऱ्याला वैद्यकीय पुस्तकांत नाव पडलं ‘एल्फिन’ चेहरा. इन्सुलिनशी संबंधित दुसऱ्या एका दुर्मीळ आणि जीवघेण्या आजाराला तर १९५४ मध्ये आयरिश लोककथेतल्या बुटक्याचंच नाव, ‘लेप्रेकॉनिझम’, दिलं गेलं. तान्हं बाळ गमावणाऱ्या आईबापांना ते कागदावर वाचावं लागत होतं. तो आजार आता डोनोह्यू सिंड्रोम म्हणून ओळखला जातो.

कॅलिफोर्नियातले जीवरसायनशास्त्रज्ञ हॉवर्ड लेनहॉफ यांची मुलगी विल्यम्स सिंड्रोम असलेली आणि उत्तम गाणारी होती. त्यांनी १९९९ मध्ये मांडलं की लोककथांतले छोटे, संगीतप्रिय, प्रेमळ एल्फ कदाचित अशाच खऱ्या माणसांवरून सुचले असतील. बापाच्या मायेतून आलेला हा विचार मला मनाला भिडतो, पण इतिहास त्याच्या बाजूने नाही. लहानखुरा, उलट्या नाकाचा, हसरा एल्फ सोळाव्या-सतराव्या शतकानंतरचा आहे. त्याआधीचा एल्फ राजाच्या नावात बसणारा, बाण मारणारा, धिप्पाड होता. चेहऱ्याशी तुलना करायला जे चित्र घेतलं तेच नवं होतं. जुन्या कथांत अशी मुलं असलीच, तर ती बहुधा पाळण्यात बदललेल्या मुलांच्या गोष्टींत असतील, आणि त्या गोष्टी प्रेमळ नव्हत्या.

कुटुंबांनी आक्षेप घेतल्यावर अनेक डॉक्टर आता हे विशेषण टाळतात. त्याऐवजी दिसतं ते लिहितात: रुंद कपाळ, डोळ्यांभोवती फुगीरपणा, आखूड आणि टोकाशी किंचित वर वळलेलं नाक, नाक आणि वरच्या ओठामधलं अंतर जास्त, तोंड रुंद, हनुवटी लहान. ही यादी बालरोगतज्ज्ञाला उपयोगी पडते, कारण ती वाचून तो हृदयाची सोनोग्राफी आणि रक्तातल्या कॅल्शियमची तपासणी सांगतो आणि गुणसूत्राच्या चाचणीसाठी नमुना पाठवतो. ‘एल्फिन’ या शब्दावरून यातलं एकही काम करता येत नाही.